व्हरांड्यातून दिसणारी तंबाखूची शेतं

रात्रीचे पावणेदोन, सकाळी नऊला प्रेझेंटेशन आणि माझ्या स्लाइड्स झालेल्या सात. विषय होता माध्यमांमधला कुठलाही एक घोटाळा. वर्गातल्या निम्म्या पोरांनी ब्रिटनमधलं फोन हॅकिंग घेतलं होतं कारण त्यावर व्हिडिओ भरपूर मिळतात, मी जेसन ब्लेअर घेतला कारण मला वाटलं हा सोपा आहे, एक माणूस, एक पेपर, खोटं लिहिलं, पकडला गेला, राजीनामा दिला, विषय संपला, दहा स्लाइड्समध्ये आरामात बसेल. (आपल्याकडचं प्रकरण का नाही घेतलं असं विचाराल तर त्यातली बरीचशी कोर्टात आहेत आणि मला पुढच्या वर्षी नोकरी शोधायची आहे.)

तर ब्लेअर. न्यूयॉर्क टाइम्सचा २७ वर्षांचा रिपोर्टर. हा बाबा टेक्सासला गेलो, मेरीलँडला गेलो, वेस्ट व्हर्जिनियाला गेलो असं ऑफिसात सांगायचा, बातमीच्या सुरुवातीला त्या त्या गावाची डेटलाइन, म्हणजे बातमी जिथून लिहिली त्या ठिकाणाचं नाव, टाकायचा, आणि बसलेला असायचा न्यूयॉर्कमध्येच. फोनवरचं बोलणं, दुसऱ्यांच्या बातम्या, ऑफिसच्या सिस्टिममध्ये आलेले फोटो, एवढ्या सामानावर तो अख्खी गावं रंगवायचा. एप्रिल २००३ मध्ये सॅन अँटोनिओच्या एका पेपरातले तपशील जवळजवळ जसेच्या तसे त्याच्या बातमीत सापडले, तिथून धागा उसवत गेला. १ मेला त्याने राजीनामा दिला आणि ११ मे २००३ ला टाइम्सने पहिल्या पानापासून स्वतःचंच पोस्टमॉर्टेम छापलं, सात हजारांहून जास्त शब्दांचं. ऑक्टोबर २००२ पासूनच्या त्याच्या ७३ बातम्या तपासल्या तर ३६ मध्ये गडबड निघाली. आमच्या १५२ वर्षांच्या इतिहासातला हा नीचांक आहे असं पेपरने आपल्याच तोंडाने कबूल केलं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्वात वरचे दोन संपादक घरी गेले.

हे सगळं स्लाइडवर होतंच. आठव्या स्लाइडसाठी काहीतरी चटपटीत तपशील हवा म्हणून मी मूळ लेख पुन्हा वाचायला घेतला आणि एका जागी अडकून बसले.

जेसिका लिंच नावाची १९ वर्षांची अमेरिकन सैनिक मार्च २००३ मध्ये इराकमध्ये शत्रूच्या हाती सापडली होती. ब्लेअरने तिच्या घरच्यांवर बातमी केली, डेटलाइन वेस्ट व्हर्जिनियातलं पॅलेस्टाइन नावाचं छोटं गाव. बातमीत वडील घराच्या व्हरांड्यात उभे आहेत, समोर तंबाखूची शेतं आणि गुरांची कुरणं पसरली आहेत आणि वडिलांचा गळा दाटून येतोय. आता गंमत अशी की त्या व्हरांड्यातून तंबाखूची शेतं दिसत नाहीत. कुरणंही दिसत नाहीत. ब्लेअर त्या घरी गेलाच नव्हता. घरच्यांनी ही बातमी वाचली, त्यांना ती वाचताक्षणी खोटी आहे हे कळलं, कळणारच, स्वतःच्या व्हरांड्यातून काय दिसतं हे माणसाला माहीत असतं. आणि ते हसले. एकमेकांत चेष्टा केली आणि सोडून दिलं. पेपरला फोन कोणीच केला नाही, एखाद्या वेळी होतं असं, एवढंच त्यांना वाटलं.

मी लॅपटॉप मिटला, कारण मला आमच्या लायब्ररीतले काका आठवले.

ब्लॉग मी बारावीनंतरच्या सुट्टीत सुरू केला, तेव्हा बाकी सगळे रील्स बनवत होते आणि ब्लॉग म्हणजे आधीच म्हाताऱ्या लोकांची गोष्ट झाली होती. खरंच, हा शब्दच माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. जॉर्न बार्गर नावाच्या माणसाने डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या साइटला वेबलॉग म्हटलं, १९९९ मध्ये पीटर मरहोल्झने त्याच शब्दाचा गमतीत वेगळा पदच्छेद केला, वी ब्लॉग, म्हणजे 'आम्ही ब्लॉग लिहितो', आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लॉगर हे ब्लॉग लिहायचं संकेतस्थळ सुरू झालं जे २००३ मध्ये गूगलने विकत घेतलं. मला त्यातलं आवडलं ते एकच, ते नारिंगी 'प्रकाशित करा' बटण. मध्ये कोणी नाही. शाळेच्या हस्तलिखितात माझी कविता बाईंनी दोनदा परत पाठवली होती, इथे बाई नाहीत, संपादक नाही, जागा कमी पडतेय म्हणून शेवटचा परिच्छेद कापणारं कोणी नाही. लिहा, दाबा, झालं. तेव्हा मला ही निव्वळ चैन वाटायची.

पहिल्या वर्षाला असताना मी लायब्ररीच्या काकांवर पोस्ट लिहिली. शीर्षक सांगत नाही, आता वाचवत नाही. त्यात काका चौथी शिकलेले होते, घरच्या गरिबीमुळे शाळा सुटलेली होती, पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात कितव्या फळीवर आहे हे त्यांना कॅटलॉग न बघता सांगता यायचं, आणि पुस्तक हातात देताना त्यांचे सुरकुतलेले हात किंचित थरथरायचे, ज्या अक्षरांनी त्यांना नाकारलं त्याच अक्षरांची ते आयुष्यभर राखण करत होते वगैरे वगैरे. वाक्य माझंच आहे, 'अक्षरांची राखण'. तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं. पोस्ट कॉलेजच्या सगळ्या ग्रुप्सवर फिरली, मग नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरून माझ्याकडेच परत आली, खाली माझं नाव नसताना, आणि मला त्याचाही अभिमान वाटला.

मागच्या सेमिस्टरला नो-ड्यूजच्या फॉर्मवर सही घ्यायला गेले तर काकांनी रजिस्टर उघडलं, दंडाच्या रकमांची अख्खी बेरीज एका दमात तोंडी मारली, खाली सुंदर वळणदार इंग्रजीत शेरा लिहिला आणि सही केली. मी नुसती बघत राहिले. म्हटलं काका तुमचं इंग्रजी... तर म्हणाले, "बी.कॉम. आहे मी. का गं?"

मी काय बोलणार. म्हटलं, मी तुमच्यावर लिहिलं होतं, तुम्हाला माहीत आहे का.

"वाचलं ना. पोरीने दाखवलं मोबाइलवर. हसलो आम्ही. आमची ही तर आठवडाभर मला चौथी पास म्हणून हाक मारत होती."

"मग सांगितलं का नाही मला?"

"काय सांगायचं त्यात? लिहिणारे लिहितातच असं. चांगलं लिहिलं होतंस तू."

मी फॉर्म घेऊन बाहेर आले आणि खरं सांगायचं तर तो विषय मनातून काढून टाकला. पोस्ट तशीच ठेवली. चौथी पास कुठून आलं होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही, कोणीतरी बोललं होतं की मीच त्यांच्या युनिफॉर्मकडे बघून ठरवलं होतं, बहुधा दुसरंच. मी त्यांना विचारलं नव्हतं एवढं मात्र नक्की, तीन वर्षं रोज दिसणारा माणूस, काउंटरच्या पलीकडे दोन हातांवर. ब्लेअरला निदान वेस्ट व्हर्जिनियापर्यंत जावं लागलं असतं.

म्हणून रात्री पावणेदोनला 'ते हसले' हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. आणि मग मी बाकीची प्रकरणं वाचत सुटले, प्रेझेंटेशन गेलं खड्ड्यात, आणि एकच गोष्ट बघायला लागले, की ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला कधी कळलं आणि त्याने काय केलं.

स्टीफन ग्लासचं प्रकरण यात जरा वेगळं पडतं कारण तिथे हसायला किंवा फोन करायला माणसंच नव्हती. द न्यू रिपब्लिक हे अमेरिकन साप्ताहिक, मे १९९८, एका पोरगेल्या हॅकरला जुक्ट मायक्रॉनिक्स नावाची कंपनी भरमसाट पैसे देऊन नोकरी देते अशी झकास गोष्ट. फोर्ब्सच्या ऑनलाइन आवृत्तीतला ॲडम पेनेनबर्ग ही बातमी आपल्याला कशी हुकली म्हणून शोधायला बसला तर कंपनीच सापडेना. ग्लासने घाईघाईने कंपनीची खोटी वेबसाइट बनवली, आणि ती काय होती तर एओएल या इंटरनेट कंपनीच्या साइटवर कोणीही फुकट बनवू शकेल असं एक पान. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची. पुढे तपासलं तर त्याच्या ४१ लेखांपैकी २७ मध्ये काही ना काही रचलेलं. मला यातला सगळ्यात भयंकर तपशील हा वाटतो की ग्लास आधी त्याच साप्ताहिकात फॅक्ट चेकिंग करायचा. त्यामुळे त्याला पक्कं माहीत होतं की तपासणारा शेवटी लेखकाच्या वहीवरूनच तपासतो, मग वहीच खोटी बनवली की झालं. आणि त्याला पकडलं कोणी तर ज्या ऑनलाइन बातमीदारीला तेव्हा छापील मासिकवाले नाक मुरडायचे तिने. बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कुठल्याही ब्लॉगप्रेमी माणसाला ही गोष्ट सांगा, डोळे चमकतील त्याचे.

तशीच दुसरी लाडकी गोष्ट सीबीएस या अमेरिकन टीव्ही चॅनेलची. ८ सप्टेंबर २००४ च्या रात्री '६० मिनिट्स'च्या बुधवारच्या कार्यक्रमात निवेदक डॅन रॅदरने तेव्हाचा अध्यक्ष जॉर्ज बुशच्या नॅशनल गार्डमधल्या (अमेरिकेचं राखीव सैन्यदल) नोकरीबद्दलचे १९७२-७३ सालचे म्हणून काही मेमो दाखवले, अध्यक्षपदाची निवडणूक दोन महिन्यांवर आलेली. त्याच रात्री इंटरनेटवर कोणीतरी लिहिलं की १९७२ च्या टाइपरायटरवर अशी अक्षरं कशी उमटतील, प्रत्येक अक्षराला वेगळी रुंदी आहे, ही तर कॉम्प्युटरची करणी दिसते. मग एका ब्लॉगरने तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कुठलंही सेटिंग न बदलता टाइप केला आणि मेमोवर ठेवला, ओळीला ओळ जुळली. सीबीएसच्याच एका माजी अधिकाऱ्याने पायजमा घालून घरात बसून लिहिणारी माणसं म्हणून ब्लॉगर्सची टर उडवली होती, २० सप्टेंबरला सीबीएसने मान्य केलं की कागद खरे आहेत असं आम्ही सांगू शकत नाही. पायजमा जिंकला.

मीही हे कॉलेजच्या मासिकात असंच लिहिलंय, पायजमा जिंकला म्हणून. त्यात मी हे लिहिलं नव्हतं की अक्षरांचा मुद्दा पहिल्यांदा मांडणारा तो अनाम माणूस अटलांटाचा एक वकील निघाला, रिपब्लिकन वर्तुळात ऊठबस असलेला. म्हणजे फॉन्टबद्दल तो बरोबर बोलला पण आरशासारखा स्वच्छ तटस्थ नागरिक वगैरे नव्हता. वाक्य चांगलं जमत होतं म्हणून मी तेवढं गाळलं. चांगलं जमणारं वाक्य ही फार वाईट गोष्ट असते, मला आता आपल्याच चांगल्या वाक्यांचा संशय यायला लागलाय.

ब्लॉगवाल्यांनी फार शेफारू नये यासाठी २०११ पुरेसं आहे. फेब्रुवारीत दमास्कसमधल्या अमिना नावाच्या समलिंगी मुलीचा ब्लॉग सुरू झाला, सिरियात सरकारविरोधी आंदोलन पेटलेलं, जगभरच्या माध्यमांनी तिच्या मुलाखती घेतल्या, सगळ्या ईमेलवर. जूनमध्ये ब्लॉगवर तिच्या चुलत बहिणीच्या नावाने पोस्ट आली की अमिनाला सशस्त्र माणसांनी उचलून नेलं, आणि तिला सोडवा म्हणून लोक मोहिमा काढायला लागले. मग लंडनमधल्या एका बाईने सांगितलं की अहो फोटो माझे आहेत. आणि १२ जूनला उघड झालं की अमिना म्हणजे टॉम मॅकमास्टर नावाचा ४० वर्षांचा अमेरिकन गृहस्थ, एडिनबरा विद्यापीठात शिकणारा. म्हणजे विद्यार्थीच. माझ्यासारखा. त्याचं म्हणणं होतं की गोष्ट बनवलेली असली तरी तिथली परिस्थिती खरीच आहे. हे वाक्य वाचून मी परत लॅपटॉप मिटला, कारण काकांच्या पोस्टबद्दल मी स्वतःची समजूत नेमकी अशीच घातली होती, की तपशील चुकला असेल पण भावना खरी होती.

भावना कोणाची होती पण. माझीच ना.

मागच्या उन्हाळ्यात मी दोन महिने एका न्यूज पोर्टलवर इंटर्नशिप केली. भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर आत्ता या क्षणी किती लोक कुठली बातमी वाचतायत त्याचे आकडे वरखाली होत असतात आणि दिवसभरात प्रत्येकाच्या माना त्या स्क्रीनकडे आपोआप वळतात, बोलता बोलता, फोनवर असताना, सगळ्यांच्या. एका दुपारी एका वयस्कर कलाकाराच्या निधनाची बातमी सगळीकडे फिरायला लागली. दुसऱ्या दोन साइट्सनी टाकली होती. आमच्याकडे कोणीतरी म्हणालं कन्फर्म कर, दुसरं कोणीतरी म्हणालं त्यांनी टाकलीय म्हणजे कन्फर्मच आहे, त्या दोघांच्या मध्ये मी बसले होते आणि कॉपी माझ्या स्क्रीनवर तयार होती, चार परिच्छेद, त्यातले दोन जुन्या मुलाखतीवरून उचललेले. सोडली. पुश नोटिफिकेशनही गेलं. पंचवीसएक मिनिटांनी कळलं की गृहस्थ हॉस्पिटलमध्ये आहेत पण व्यवस्थित जिवंत आहेत, त्यांच्या मुलाने स्वतः व्हिडिओ टाकला, वैतागलेला.

मला वाटलं आता खुलासा टाकणार, दिलगिरी वगैरे, पेपरात कोपऱ्यात चौकटीत येते तशी. डेस्कवरचे सर म्हणाले, "हेडिंग बदल, बाकी राहू दे." मी 'निधन' काढून 'प्रकृती गंभीर' केलं. आतले 'होते' 'आहेत' केले, तीन मिनिटांचं काम, मराठीत माणूस जिवंत करायला फार काही लागत नाही. वेळ आपोआप अपडेट झाली आणि बातमी जणू कधी चुकलीच नव्हती. फक्त लिंक बदलता येत नव्हती, लिंक बदलली की आलेले सगळे वाचक तुटतात, म्हणून वर ॲड्रेसच्या पट्टीत ते 'निधन' इंग्रजी अक्षरांत तसंच राहिलं. आजही आहे, मी अधूनमधून जाऊन बघते. बातमी सांगते माणूस आजारी आहे, पत्ता सांगतो माणूस गेला.

त्या कुटुंबाकडून पोर्टलला फोन आला का? मला तरी कळलं नाही. आला असता तर कुठल्या नंबरवर, तेही मला माहीत नाही. पेपरात निदान पत्ता छापलेला असतो. न्यूयॉर्क टाइम्सने ब्लेअरनंतर वाचकांच्या तक्रारी ऐकायला एक स्वतंत्र माणूस नेमला होता, पब्लिक एडिटर, डिसेंबर २००३ पासून. २०१७ मध्ये ते पद बंद केलं, कारण काय तर सोशल मीडियावरचे वाचक आता पहारा ठेवतातच की. ठेवतात, नाही कशाला म्हणू. पण ओरडणारे हजार लोक आणि उचलला जाणारा एक फोन यात फरक आहे असं मला आपलं वाटतं. ते हजार जण ओरडतात तेव्हा त्यातला लिंचच्या घरचा कोण हे ओळखायचं कसं.

फोन हॅकिंगबद्दल मी फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे, व्हॉइसमेलचे पिन लोक बदलत नाहीत याचा फायदा घेऊन न्यूज ऑफ द वर्ल्ड या ब्रिटिश पेपरने लोकांचे निरोप ऐकले, त्यात खून झालेल्या एका १३ वर्षांच्या मुलीचेही होते, गार्डियन या दुसऱ्या ब्रिटिश पेपरने जुलै २०११ मध्ये ते छापलं आणि आठवड्याभरात १६८ वर्षांचा पेपर बंद पडला. मला त्यातलं नंतरचं एक टोक महत्त्वाचं वाटतं. गार्डियनच्या बातमीत होतं की पेपरवाल्यांनी काही निरोप पुसले आणि त्यामुळे आईवडिलांना वाटलं मुलगी जिवंत आहे. डिसेंबरमध्ये पोलिसांकडून समोर आलं की ते निरोप पेपरवाल्यांनी पुसले नसण्याचीच शक्यता जास्त. मग गार्डियनने आपल्या जुन्या बातम्यांना दुरुस्त्या जोडल्या. दशकातली सगळ्यात गाजलेली बातमी, निरोप चोरून ऐकले हे खरंच होतं, चौकशी आयोगही बसलेला, सगळं जग आपल्या बाजूने, आणि तरी त्या एका वाक्याखाली चूक झाली म्हणून लिहायचं. माझ्या वर्गातल्या ज्यांनी हे प्रकरण घेतलं त्यांच्यापैकी कोणाच्याच स्लाइडवर ही दुरुस्ती नव्हती.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते फर्गस फॉल्सने. अमेरिकेतल्या मिनेसोटामधलं हे छोटं शहर. जर्मनीच्या डेर श्पीगल या साप्ताहिकाचा स्टार रिपोर्टर क्लास रेलोशियस २०१७ मध्ये तिथे जाऊन राहिला, ट्रम्पला मतं देणारी माणसं कशी असतात ते लिहायला. म्हणजे हा गेला होता बरं का, ब्लेअरसारखा घरी बसला नव्हता. आणि तरी त्याने लिहिलं की शहराच्या वेशीवर मेक्सिकन लोकांनी बाहेर राहावं अशी पाटी आहे. नव्हती. तिथल्या नगर प्रशासकाबद्दल लिहिलं की या तरुण माणसाने कधी समुद्र बघितला नाही आणि कधी कुठल्या बाईबरोबर राहिला नाही.

त्या शहरातल्या दोघांनी हे भाषांतर करून वाचलं. ते हसले नाहीत, किंवा हसून थांबले नाहीत. आपल्या नोकऱ्या सांभाळून वर्षभराहून जास्त काळ एकेक वाक्य तपासत बसले, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना जाऊन भेटले, आणि ११ ठळक खोट्यांची यादी काढली. डिसेंबर २०१८ मध्ये श्पीगलने स्वतःच जाहीर केलं की रेलोशियस वर्षानुवर्षं रचून लिहीत होता, त्याला पकडलं होतं त्याच्याच बरोबर एका लेखावर काम करणाऱ्या हुआन मोरेनोने, जो ॲरिझोनात जाऊन माणसांना भेटला आणि त्यातल्या काहींनी सांगितलं की रेलोशियस कोण, आम्ही त्याला कधी भेटलोच नाही. त्याच दिवशी फर्गस फॉल्सच्या दोघांनीही आपलं लिखाण इंटरनेटवर टाकलं. त्यात त्या प्रशासकाचा एक फोटो आहे. मैत्रिणीबरोबर. मागे समुद्र.

हा फोटो मी किती वेळ बघत बसले सांगता येत नाही. एवढं मोठं साप्ताहिक, तपासणीचा स्वतंत्र विभाग असलेलं, आणि उत्तर काय होतं तर एक सुट्टीतला फोटो, जो त्याला 'तू समुद्र बघितलायस का रे' एवढं विचारलं असतं तरी त्याने फोनमधून काढून दाखवला असता. प्रश्न विचारला की गोष्ट मोडते, म्हणून विचारायचा नाही, हे कोणी शिकवत नाही आणि तरी आपल्याला येतं. मला पहिल्या वर्षालाच येत होतं.

प्रेझेंटेशन बरं झालं. मॅडम म्हणाल्या, व्हरांड्यावर तीन स्लाइड्स कशाला.

त्या दिवशी दुपारी मी ब्लॉग उघडला. पहिला विचार पोस्ट उडवून टाकायचा होता, पण ती आता किती ठिकाणी कॉपी झालीय याचा हिशोब नाही, माझ्याकडची उडवली तर उरतील फक्त त्या चुकीच्या, खाली कोणाचंच नाव नसलेल्या. दुसरा विचार गुपचूप 'चौथी'चं 'बी.कॉम.' करायचा. तो अगदी हाताशी होता, इंटर्नशिपमध्ये हेच तर शिकले होते. पण मग बाकीची पोस्ट उभीच राहत नव्हती, बी.कॉम. झालेला माणूस अक्षरांनी नाकारलेला कसा असेल. शेवटी सगळ्यात वर चार ओळी लिहिल्या, की या पोस्टमधली शिक्षणाबद्दलची माहिती चुकीची आहे, ती मी न विचारता लिहिली होती, काका बी.कॉम. आहेत, त्यांची क्षमा मागते. 'चूकभूल द्यावी घ्यावी' असं शेवटी लिहिलं होतं ते खोडलं, त्यात देणंघेणं दोन्हीकडचं होतं आणि इथे सगळी चूक माझीच.

प्रकाशित करायच्या आधी फोन घेऊन लायब्ररीत गेले. काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, ओठ हलवत आधी माझ्या चार ओळी वाचल्या, मग खाली सरकवत सरकवत अख्खी पोस्ट पुन्हा वाचली. मागे दोन मुलं पुस्तकं घेऊन उभी, त्यांना हाताने थांबा केलं.

"इथे सेकंड क्लास घाल," म्हणाले. "नुसतं बी.कॉम. लिहिलंस तर उद्या कोणीतरी मला फर्स्ट क्लास करून ठेवेल."

मी घातलं.

"आणि ते हात थरथरतात म्हणून लिहिलंयस ना खाली, तेही काढ. थरथरत नाहीत."

असं म्हणून त्यांनी उजवा हात काउंटरवर, उघड्या रजिस्टरच्या वर, पंजा पसरून धरला. मी वाकून बघितला. पहिल्या बोटाला निळी शाई लागलेली, अंगठ्याच्या नखाजवळ शिक्क्याचा जांभळा डाग, आणि हात एकदम स्थिर.